अध्यक्ष तुम्ही, मग सही दुसऱ्याची का?

प्रश्न : ताई, आमचे गाव अमरावती जिल्ह्यात आहे. गावात कॅथलिकांची तीसेक घरे आहेत. फादर तालुक्याच्या ठिकाणी राहतात आणि महिन्यातून दोन रविवारी मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, येतात. आमच्याकडे संत विन्सेंट दी पॉल सोसायटी या गरिबांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या कॅथलिक संघटनेची कॉन्फरन्स, म्हणजे गावशाखा, जुनी आहे. मी तिची बरीच वर्षे सेक्रेटरी होते, शिवाय बचत गटाचीही सचिव आहे. गेल्या पावसाळ्यात चिठ्ठ्या टाकून निवडणूक झाली आणि मी अध्यक्ष झाले. तेव्हापासून तीन वडीलधारी माणसे सभेला येईनाशी झाली. खजिनदार माझे चुलत सासरे, म्हणजे मामाजी, आहेत. त्यांनी पासबुक आणि वही अजून माझ्यापुढे ठेवलेली नाही. गावात धर्मशिक्षण देणारे प्रचारक भाऊ म्हणतात की, बाईने पुरुषावर अधिकार चालवू नये असे बायबलमध्ये संत पौलानेच लिहिले आहे. आता अशी तडजोड सुचवली जात आहे की, अध्यक्ष म्हणून नाव माझे राहावे, पण सभा मामाजींनी मार्गदर्शक म्हणून चालवावी आणि बँकेतली सहीही त्यांचीच असावी. फादर म्हणतात, समजुतीने घ्या. आमचे मालक म्हणतात, लोकांचे बोल ऐकण्यापेक्षा सोडून दे. सभेत आजही पुरुष खुर्च्यांवर बसतात आणि मी सतरंजीवर. माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे आणि पुढच्या महिन्यात सोसायटीच्या वरच्या मंडळाच्या, म्हणजे सेंट्रल कौन्सिलच्या, बैठकीला जायचे आहे. मी राजीनामा द्यावा का?

उत्तर :

ताई, राजीनामा देऊ नका, आणि ही तडजोडही स्वीकारू नका. या दोहोंत मला तडजोड अधिक वाईट वाटते. राजीनामा दिला तर निदान पद रिकामे झाले हे सर्वांना दिसते आणि पुन्हा निवडणूक होते. तडजोडीत मात्र काम तुमचे, जबाबदारी तुमची, हिशेबात काही कमी-जास्त झाले तर उत्तरही तुमचे, आणि अधिकार तेवढा दुसऱ्याचा, अशी व्यवस्था कायमची होऊन बसते. आपल्या भागाला ही व्यवस्था नवी नाही. ग्रामपंचायतीत महिलांसाठी १९९३ पासून एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्या, तेव्हा किती गावांत सरपंचाच्या खुर्चीवर बाईचे नाव आणि ग्रामसभेत तिच्या नवऱ्याचा आवाज असा प्रकार वर्षानुवर्षे चालला, हे तुम्ही पाहिलेच असेल. तुमच्या बाबतीत तर आरक्षणही नव्हते. लोकांनी चिठ्ठीवर तुमचे नाव लिहिले ते त्यांना तुम्ही हव्या होत्या म्हणून.

तुमच्या पत्रावरून मला असे जाणवले की, हे पद आपल्याला फादरांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या मर्जीने मिळायचे आहे, असे तुमच्याही मनात कुठेतरी आहे. तसे नाही. कॅथलिक धर्मसभेच्या (चर्चच्या) १९८३ च्या कायद्यात, म्हणजे कॅनन लॉमध्ये, श्रद्धावंतांच्या संघटनांविषयी कलम २९८ पासून ३२९ पर्यंत सविस्तर तरतुदी आहेत. त्याआधीच कलम २१५ ने सेवाकार्यासाठी संघटना काढण्याचा आणि त्या चालवण्याचा हक्क सर्व बाप्तिस्मा झालेल्यांना दिलेला आहे. त्यात पुरुष आणि स्त्री असा भेद केलेला नाही. ज्या सार्वजनिक संघटना धर्मगुरूंच्या नाहीत, त्यांचे प्रमुखपद प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या, व्यक्तीला सांभाळता येते, आणि संघटनेच्या नियमावलीत वेगळे लिहिलेले नसेल तर आध्यात्मिक मार्गदर्शक असलेल्या धर्मगुरूने ते पद स्वतःकडे घेऊ नये, असे कलम ३१७ सांगते. खाजगी संघटनांनी आपला प्रमुख आणि पदाधिकारी आपल्या नियमावलीप्रमाणे मोकळेपणाने निवडावेत, असे कलम ३२४ मध्ये आहे. महागुरूंची (बिशपांची) देखरेख अर्थातच राहते, कारण कलम ३०५ ती सर्वच संघटनांवर ठेवते. परंतु श्रद्धा, शिस्त आणि पैशाचा योग्य विनियोग यांवर लक्ष ठेवणे निराळे आणि सभा कोणी चालवायची हे ठरवणे निराळे.

गावात बहुधा आणखी एक घोटाळा होत असावा, आणि तो सगळीकडे होतो. लोक पॅरिश कौन्सिल, म्हणजे धर्मग्रामाचे सल्लागार मंडळ, आणि तुमची कॉन्फरन्स एकच समजतात. पॅरिश कौन्सिलचे अध्यक्षस्थान धर्मग्रामाच्या फादरांकडेच असते आणि तिचे मत सल्ल्यापुरते असते, हे कलम ५३६ मध्ये स्पष्ट आहे. त्यामुळे तेथे सदस्यांनी फादरांच्या तोंडाकडे पाहणे स्वाभाविक आहे. विन्सेंट दी पॉल सोसायटी ही प्रापंचिकांची संघटना आहे, तिची नियमावली वेगळी आहे आणि तिचा निर्णय सदस्यांनी घ्यायचा असतो. म्हणून फादरांकडे परवानगी मागायला जाऊ नका. ती देणे त्यांच्या हातात नाही, आणि तुम्ही मागितली की नकळत ती त्यांच्या हातात जाते. त्यांच्याकडे मागायचे ते त्यांच्या अखत्यारीतले मागा : पुढच्या मिस्सानंतर दोन वाक्यांत त्यांनी सर्वांना सांगावे की निवडणूक नियमाप्रमाणे झाली आहे आणि कॉन्फरन्सची सभा अमुक दिवशी आहे. ‘समजुतीने घ्या’ असे म्हणणारे फादर बहुतेक वेळा वाईट नसतात. चार-पाच गावांचा पसारा असल्याने त्यांना या गावात भांडण नको असते, एवढेच. दोन वाक्ये बोलण्यात त्यांचे काही जात नाही, हे त्यांच्या लक्षात आणून द्या.

प्रचारक भाऊंनी दाखवलेले वचन तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातले आहे. त्यांच्याशी वचनाला वचन लावून वाद घालत बसू नका, त्यात सबंध हिवाळा जाईल. एकदाच, शांतपणे, रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय उघडून त्यांच्यापुढे ठेवा. तेथे तोच पौल किंख्रियाच्या मंडळीची सेविका असलेल्या फिबीची शिफारस करतो, तिला लागेल ते साहाय्य करा असे रोमच्या लोकांना सांगतो, आणि पुढच्याच ओळींत अक्विला या पतीच्या आधी प्रिस्किल्लेचे नाव घेतो. धर्मसभेने पौलाची सर्व पत्रे समोर ठेवूनच वरचा कायदा केला आहे. रोमला भरलेल्या सिनॉडच्या, म्हणजे प्रामुख्याने बिशपांच्या जागतिक सभेच्या, २६ ऑक्टोबर २०२४ रोजी मंजूर झालेल्या अंतिम दस्तऐवजातल्या ६० व्या परिच्छेदात तर असे म्हटले आहे की, स्त्रियांना धर्मसभेत नेतृत्वाची कामे करण्यापासून अडवावे असे कोणतेही कारण नाही. त्या परिच्छेदाच्या विरोधात ९७ मते पडली होती, तेव्हा प्रचारक भाऊंसारखा विचार करणारे फक्त तुमच्याच गावात नाहीत, हेही ध्यानात असू द्या. दस्तऐवज मात्र मंजूर झाला आणि पोप फ्रान्सिस यांनी तो प्रसिद्धही करायला लावला.

वडीलधाऱ्यांचा राग समजून घ्यायचा असेल तर सोसायटीचा इतिहास माहीत असणे उपयोगाचे आहे. फ्रेडरिक ओझानम आणि त्याच्या तरुण मित्रांनी १८३३ मध्ये पॅरिसला ही सोसायटी सुरू केली, ती पुरुषांची म्हणूनच. स्त्रियांना तिच्यात प्रवेश नव्हता, म्हणून १८५६ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात सेलेस्तिना स्काराबेली या बाईंनी स्त्रियांची स्वतंत्र सोसायटी उभी केली, आणि दोन्ही सोसायट्या एक व्हायला १९६७ साल उजाडावे लागले. म्हणजे तुमच्या मामाजींनी लहानपणी जी सोसायटी पाहिली असेल किंवा आपल्या वडिलांकडून ऐकली असेल, ती खरोखरच पुरुषांची होती. त्यांची समजूत जुनी आहे, हवेतून आलेली नाही. पण याच इतिहासात एक गोष्ट अशी आहे की जी मी कोणत्याही कॉन्फरन्सच्या जुन्या सदस्यापुढे आनंदाने ठेवीन. ओझानम आणि त्याचे मित्र विद्यार्थी होते. गरिबाच्या घरी कसे जायचे, काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते त्यांना पॅरिसच्या मुफ्तार वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रेंदू यांनी शिकवले. कोणत्या घरी जायचे त्याची यादी त्यांनीच दिली. या सिस्टरांना २००३ मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. ज्या गृहभेटीवर सोसायटी उभी आहे, ती तिच्या संस्थापकांनी एका बाईकडून शिकून घेतली.

इतर कॅथलिक संघटनांकडे पाहिले तर चित्र आणखी वेगळे आहे. लीजन ऑफ मेरी १९२१ मध्ये डब्लिनला सुरू झाली तेव्हा पहिल्या सभेला बहुतेक स्त्रियाच होत्या आणि पहिल्या अध्यक्षही एलिझाबेथ कर्वान नावाच्या बाईच होत्या. फोकोलारे चळवळीच्या नियमावलीत तर अध्यक्षपदी नेहमी स्त्रीच असावी अशी अट आहे, आणि त्या चळवळीत धर्मगुरूही सदस्य आहेत. आपल्या देशातही बिशपांच्या परिषदेने २००८ मध्ये जमशेदपूरच्या अधिवेशनात स्त्रियांच्या सक्षमीकरणाचा विषय घेतला आणि २०१० मध्ये लिंगसमभावाविषयीचे धोरण प्रसिद्ध केले. त्याची प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात मागा आणि मिळाली की सभेच्या कपाटात ठेवा. ती रोज काढून दाखवायची गरज नाही.

आता मामाजींचे. खरी गाठ येथे आहे, आणि तुम्ही पत्रात ती एका ओळीत उरकली आहे. ज्या माणसासमोर लग्न होऊन आल्यापासून डोक्यावरचा पदर खाली आला नाही, त्याच्याकडे हिशेबाची वही मागायची म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. म्हणून ती वही सुनेने सासऱ्याकडे मागू नये. कॉन्फरन्सने खजिनदाराकडे मागावी. घरी, स्वयंपाकघरात, चहा देताना हा विषय काढूच नका. मालकांकरवी निरोपही धाडू नका, कारण तसे केले की तो भाऊबंदकीचा प्रश्न होतो. सभेत ठराव मांडा, तो तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणा सदस्याने मांडावा आणि तिसऱ्याने अनुमोदन द्यावे, सेक्रेटरीने इतिवृत्तात लिहावा आणि त्याची प्रत खजिनदारांना द्यावी. ठरावात सुरुवातीलाच त्यांनी इतकी वर्षे पैसा सांभाळला याबद्दल आभार माना, आणि ते मनापासून माना, कारण लहान गावात एवढी वर्षे दुसऱ्याचा पैसा राखणे सोपे नसते. त्याच ठरावात पुढे असे म्हणा की पासबुक, चेकबुक, रोकड वही, पावती पुस्तके आणि हातात असलेली रोख रक्कम अमुक तारखेच्या सभेत दोन सदस्यांसमोर मोजून घेतली जाईल आणि त्याची पोच त्यांना लेखी दिली जाईल. ही पोच त्यांच्याही फायद्याची आहे, हे कोणीतरी त्यांच्या वयाच्या माणसाने त्यांना सांगावे.

हे सगळे तुम्हाला नवे नाही. बचत गटाच्या सभेत दर वेळी वही मोठ्याने वाचली जाते, कोणाचे किती जमा आणि कोणाचे किती बाकी हे सर्व बायांसमोर येते, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. कॉन्फरन्समध्येही तेच सुरू करा : प्रत्येक सभेच्या सुरुवातीला प्रार्थनेनंतर मागची शिल्लक, आलेली रक्कम, गेलेली रक्कम. झोळीत कोणी किती टाकले हे मात्र कोणालाही कळता कामा नये. ती सोसायटीची जुनी आणि चांगली रीत आहे.

बँकेतल्या सहीबाबत एक पाऊलही मागे घेऊ नका. खाते एकाच्या सहीने चालत असेल तर ते दोघांच्या सहीने चालावे असा ठराव करा, अध्यक्ष आणि खजिनदार. मामाजी खजिनदार राहणार असतील तर राहू द्या, दुसरी सही त्यांची असेलच. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत आणि तुमची आधार-पॅनची कागदपत्रे बँकेला द्यावी लागतील. तालुक्याच्या शाखेत दोन चकरा धरूनच चाला. पदे किती काळ धरून ठेवायची याविषयी रोमनेही अलीकडे नियम घातला आहे. २०२१ च्या जूनमधल्या आदेशाने आंतरराष्ट्रीय संघटनांच्या मध्यवर्ती पदांसाठी ५ वर्षांची मुदत आणि सलग जास्तीत जास्त १० वर्षे अशी मर्यादा ठरवली. तो आदेश गावच्या कॉन्फरन्सला थेट लागू होत नाही, पण वारे कोणत्या दिशेचे आहे ते त्यावरून कळते. तुमच्या नियमावलीत मुदत लिहिलेली असेल ती वाचा, आणि ती तुम्हालाही लागू आहे हे विसरू नका.

मी या पदाला इतके महत्त्व का देते, ते सांगते. तुमच्या पत्राच्या शेवटी, वर न छापलेल्या भागात, तुम्ही जाता जाता लिहिले आहे की, आधी पुरुष सदस्य गृहभेटीला जात तेव्हा अंगणातल्या खाटेवर बसून विचारपूस करीत, चहा घेत आणि परत येत. आणि तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा आत चुलीपाशी जाऊन बसलात, तेव्हा पिठाचा डबा उपडा घातलेला दिसला आणि मोठी मुलगी दिवाळीपासून शाळेत गेली नसल्याचे कळले. ताई, तुमच्या सगळ्या पत्रात मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटला. विदर्भात कॉन्फरन्सच्या दारी येणारी बहुसंख्य घरे बाईच्या अंगावर पडलेली असतात. कास्तकार गेला, कर्ज मागे राहिले, सातबारा अजून सासऱ्याच्या नावावर, आणि ती दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाते. शेतकरी आत्महत्येचे प्रकरण पात्र ठरले तर शासनाचे १ लाख रुपयांचे साहाय्य मिळते, अपात्र ठरले तर काहीच नाही. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलला कागद द्यावे लागतात आणि त्यातला एखादा दाखला हमखास राहून जातो. हे सारे ती बाई खाटेवर बसलेल्या तीन पुरुषांना सांगत नाही. म्हणून भेटीच्या जोड्या नव्याने लावा, प्रत्येक जोडीत एक बाई असावी, आणि भेट कापसाच्या दिवसांत दिवेलागणीनंतर ठेवा, कारण त्याआधी ती घरी सापडणारच नाही. ज्या घरांना मदत जाते त्यांची नावे चावडीवर, व्हॉट्सअॅपवर किंवा चर्चच्या फळ्यावर जाता कामा नयेत, धान्य देतानाचे फोटो तर मुळीच नकोत. आणि घर कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे हे विचारायचे नाही. ते सोसायटीच्या मूळ धोरणातच आहे.

न येणाऱ्या तीन वडीलधाऱ्यांकडे एकदा घरी जा. माफी मागायला नव्हे, काम सांगायला. ज्यांना तहसील कार्यालयातले बाबू ओळखतात त्यांनी निराधार योजनेचे कागद पाहावेत, ज्यांचा किराणा दुकानदाराशी व्यवहार आहे त्यांनी धान्याचा भाव ठरवावा. हातात काम असलेला माणूस सभेला येतो. तरीही कोणी आले नाही तर त्यांच्यासाठी सभा थांबवू नका. गणपूर्ती किती लागते ते नियमावलीत पाहून पुढे चला.

खुर्च्या-सतरंजीचे सोपे आहे. सर्वांसाठी सतरंजी अंथरा आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यापुरत्या दोन खुर्च्या कडेला ठेवा. अध्यक्षापुढे एक बुटके टेबल, त्यावर वही आणि घड्याळ. याविषयी काही बोलू नका, नुसते करा.

मालकांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. पानठेल्यावर टोमणे त्यांना ऐकावे लागतात, तुम्हाला नाही. त्यांना सभेत आणून बसवू नका आणि तुमच्या वतीने बोलूही देऊ नका. नाहीतर सरपंचपतीसारखा अध्यक्षपती तयार व्हायला वेळ लागत नाही. पण बँकेच्या चकरेला मोटरसायकल त्यांची घ्या आणि परतताना त्या दिवशी काय झाले ते त्यांना सांगा. पुष्कळदा नवऱ्याचा विरोध पदाला नसतो, आपल्याला काही कळत नाही आणि गावाला आधी कळते, याला असतो.

सेंट्रल कौन्सिलच्या बैठकीला अवश्य जा आणि एकट्या जाऊ नका, सेक्रेटरीला सोबत न्या. विषयपत्रिका मराठीत आधी मागवा. तुमचा अहवाल एका पानावर लिहून न्या : सदस्य किती, भेटी किती, खर्च किती, शिल्लक किती, आणि एक अडचण. तेथे कोणी इंग्रजीत बोलू लागले तर हात वर करून मराठीत सांगण्याची विनंती करा. तुमच्यासारख्या आणखी चार जणी तेथे मनातल्या मनात तेच म्हणत असतील.

आणि ठरावातली तारीख उलटली, तरी वही आली नाही तर? आणखी एक सभा वाट पाहा, त्या सभेत तशी नोंद करा आणि इतिवृत्ताची प्रत जोडून कौन्सिलच्या अध्यक्षांना लेखी कळवा. फादरांना त्या पत्राची प्रत द्या, निवाडा मागू नका. तंटामुक्ती समितीकडे किंवा गावच्या पंचांकडे हा विषय नेऊ नका, आणि मामाजींच्या घरी त्या काळात काही कार्य असेल तर सून म्हणून जायला चुकू नका.